विकतची एकाग्रता

आमच्या मेजावर सध्यां एक लहानसें काळपट यंत्र पडलेलें असतें. आकारानें तें शाळकरी पाटीहून थोडें रुंद आहे; वजनानें सुमारें दोन पौंड भरेल. त्याचा बहुतेक भाग टाइपरायटरसारख्या कळफलकानेंच व्यापिलेला असून वरच्या अंगास एक अरुंद कांच आहे. तींत फार तर सहा ओळी दिसतात. विजेरींत घालतात तसले तीन लहान सेल त्यास लागतात, व तेवढ्यावर तें सुमारें ७०० तास चालतें असें त्याचे कर्ते सांगत असत. त्यास चित्र दाखवितां येत नाहीं, गाणें म्हणतां येत नाहीं, बातमी आणतां येत नाहीं, कोणाचें पत्र पोंचवितां येत नाहीं. आपण कळ दाबावी आणि त्यानें अक्षर उमटवावें, एवढाच आपला व त्याचा व्यवहार. लिहिलेला मजकूर तें आठ कप्प्यांत सांभाळून ठेवितें. आणि लेख पुरा झाल्यावर एका तारेनें त्यास संगणकाशीं जोडून एक कळ दाबली म्हणजे सारा मजकूर, जणूं कोणी अदृश्य लेखनिक समोर बसला आहे अशा रीतीनें, एकेक अक्षर करून संगणकाच्या पडद्यावर उमटूं लागतो. या यंत्राचें नांव अल्फास्मार्ट निओ. आमचा भाचा अमेरिकेंत असतो, गेल्या दिवाळींत तो आला तेव्हां हें आमच्या स्वाधीन करून गेला, आणि जातांना म्हणाला, "मामा, यावर लिहून पाहा. यांत लिहिण्यावांचून दुसरें कांहीं करतांच येत नाहीं."

या वाक्यांत शिफारस किती आणि टोमणा किती हें त्या वेळीं आम्हांस नीट उमगलें नाहीं. परंतु पुढें जों जों आम्ही विचार करूं लागलों तों तों असें दिसून आलें कीं, या क्षुल्लक वस्तूच्या पोटीं नीतिशास्त्रांतील एक जुना आणि अवघड प्रश्न दडलेला आहे. ज्याच्यापुढें मोहाचें साधनच नाहीं त्याच्या संयमास संयम म्हणावें काय? आणि एकाग्रता जर कोणी पैसे देऊन दुकानांतून आणिली, तर तिचें श्रेय त्याचें कीं दुकानदाराचें?

प्रश्नाकडे वळण्यापूर्वीं यंत्राची थोडी कुळकथा सांगितली पाहिजे, कारण तींतच एक मौज आहे. केतन कोठारी व जो बॅरस हे दोघे अभियंते पूर्वीं ॲपल कंपनींत होते. त्यांनीं १९९२ सालीं आपली निराळी संस्था काढिली आणि पुढील वर्षीं अल्फास्मार्ट या नांवाचें पहिलें यंत्र विकावयास आणिलें. त्यांचें गिऱ्हाईक ग्रंथकार नव्हते, शाळा होत्या. प्रत्येक मुलापुढें संगणक ठेवणें त्या काळीं अमेरिकेंतील शाळांनाही परवडत नसे; मुलांनीं टंकलेखन शिकावें, निबंध लिहावे, आणि हातून पडलें तरी मोडूं नये, एवढ्यापुरतें स्वस्त साधन त्यांस हवें होतें. आमच्याजवळचा निओ हा नमुना प्रथम निघाला २००४ सालीं. २०१३ त त्याचें उत्पादन बंद झालें. त्याही आधीं, १९८३ सालीं, रेडिओ शॅक या अमेरिकन दुकानांच्या मालकांनीं मॉडेल १०० नांवाचें असेंच एक बगलेंत मारून नेण्यासारखें यंत्र विक्रीस ठेविलें होतें. तें जपानांतील क्योसेरा कंपनीनें बनविलेलें होतें. त्याच्या कांचेंत चाळीस चाळीस अक्षरांच्या आठ ओळी मावत, आणि वृत्तपत्रांचे बातमीदार गांवोगांवीं हिंडत त्यावर मजकूर लिहून टेलिफोनच्या तारेनें कचेरीस धाडीत.

यांपैकीं कोणत्याही यंत्राचें अपुरेपण हें व्रत नव्हतें; ती निव्वळ काटकसर होती, आणि त्या काळच्या कारागिरीची मर्यादा होती. आज संगणक स्वस्त झाले, शाळांनीं अल्फास्मार्ट अडगळींत टाकिलीं, आणि तीं तेथून उचलून नेण्यासाठीं लेखक पुढें सरसावले. गरिबाची नाचणीची भाकरी श्रीमंताच्या पथ्याला लागावी तसा हा प्रकार झाला. व्यापाऱ्यांच्या नजरेंतून तो सुटणें शक्यच नव्हतें. जपानांत किंग जिम कंपनीनें २००८ पासून पोमेरा या नांवाचीं केवळ लिहिण्याचीं यंत्रें काढिलीं. अमेरिकेंत २०१६ सालीं फ्रीराइट नांवाचें यंत्र निघालें. या फ्रीराइटच्या किंमतींत एक साधा धडधाकट संगणक विकत मिळून वर कांहीं पैसे उरतात. म्हणजे अधिक मोजून कमी पदरांत घ्यावयाचें! 'एकादशी आणि दुप्पट खाशी' ही म्हण आमच्या पूर्वजांनीं फराळाच्या पदार्थांवरून केली. तिचा असाही उपयोग होईल हें त्यांच्या स्वप्नींही नसेल. कित्येक मंडळी तर कोणतें यंत्र घेतल्यानें लेखनांत खंड पडणार नाहीं याचा शोध करण्यांतच महिनेच्या महिने घालवितात, आणि तेवढ्या अवधींत ओळही लिहीत नाहींत.

आमच्या सौभाग्यवतींनीं पहिल्याच दिवशीं विचारलें, "अहो, मग वही आणि पेन काय वाईट होतें?" प्रश्न बिनतोड आहे, व त्याचें पूर्ण समाधान होईल असें उत्तर आम्हांजवळ नाहीं. वहीलाही बातमी आणतां येत नाहीं, आणि तिला सेलही लागत नाहींत. इतकेंच म्हणतां येईल कीं, वीस वर्षें कळफलक बडवून आमचा हात बिघडला आहे. चार पानांनंतर आमचें अक्षर आम्हांसच लागत नाहीं, आणि हस्तलिखित पाहिलें म्हणजे संपादकांच्या भुंवया आतां वर चढतात. हें समर्थन लंगडें आहे हें आम्ही जाणतों. असो.

आतां जें सांगावयाचें त्याचा संकोच वाटतो. पण तें टाळून या विषयावर लिहिणें अप्रामाणिकपणाचें होईल. तालुक्याच्या गांवीं आमच्या शाळेंत संस्कृत शिकविणारे एक गुरुजी होते. त्यांच्याविषयीं एक विस्तृत लेख लिहिण्याचें आम्हीं त्यांच्या नव्वदाव्या वर्षीं कबूल केलें. दोन-तीन महिन्यांनीं आम्ही भेटावयास जात असूं, आणि प्रत्येक भेटींत ते खाटेवरून विचारीत, "झालें का रे?" आम्ही म्हणत असूं, "होत आलें, गुरुजी." वस्तुतः कांहींच होत आलेलें नव्हतें. रोज पहाटे उठून आम्ही संगणकापुढें बसत असूं. एक वाक्य लिहावें. मग गुरुजी शाळेंत कोणत्या सालीं लागले याची शंका यावी. ती फेडण्यासाठीं इंटरनेट उघडावें. तेथें तें साल न सांपडतां त्या गांवच्या धरणाची बातमी सांपडावी. धरणावरून पावसावर, पावसावरून पिकांवर आणि पिकांवरून राजकारणावर जावें. तोंच दूधवाल्यानें घंटा वाजवावी आणि सकाळ संपावी. चवदा महिने असे गेले. भाद्रपदांत गुरुजी वारले. त्या दिवशीं आमच्या लेखाचे तीन परिच्छेद झाले होते.

मन चंचल आहे ही तक्रार नवी नव्हे. अर्जुनानें ती भर रणांगणावर केलेली आहे. नवें आहे तें इतकेंच कीं, लिहिण्याचें साधन आणि पळून जाण्याची वाट हीं दोन्ही आज एकाच पाटीवर येऊन बसलीं आहेत. पूर्वीं लेखकास काम टाकून जावयाचें झालें तर उठावें लागे, पायांत वहाणा घालाव्या लागत, घरांतलीं माणसें "कोठें निघालांत?" म्हणून विचारीत. या उठण्यांत आणि विचारण्यांत लाज वाटावयास थोडा अवसर मिळे. आतां बोट अर्धा इंच सरकविलें कीं पुरे. शिवाय पळालेला मनुष्य जागेवर बसलेलाच दिसतो; त्याची मुद्रा गंभीर असते; आणि घरांतलीं माणसें त्याच्या व्यासंगाचें कौतुक करीत पाय न वाजवितां येतात-जातात. स्वतः त्यासही आपण पळालों आहों असें वाटत नाहीं. आपण एक साल शोधीत आहों असेंच वाटतें. निओनें आमच्यासाठीं जर कांहीं केलें असेल तर तें हें कीं, मेज आणि वाट यांच्यामधलें अंतर त्यानें पुन्हां उभें केलें. बातमी पाहावयाची तर उठून दुसऱ्या खोलींत जावें लागूं लागलें.

येथें एखादा कडक नीतिवादी म्हणेल, "यांत तुमचें काय? कुंपण घालून राखलेलें शेत राखणदाराच्या जागरूकतेचा दाखला होत नाहीं." या आक्षेपास शास्त्राचा आधार आहे. गीतेच्या दुसऱ्या अध्यायांत असा विचार आलेला आहे कीं, विषयांचा आहार बंद केला म्हणजे विषय दूर होतात खरे, परंतु त्यांची गोडी मागें उरते; आणि तिसऱ्या अध्यायांत, कर्मेंद्रियें आवरून मनानें विषयांचें चिंतन करीत बसणारास मिथ्याचारी ठरविलें आहे. ॲरिस्टॉटलनेंही असाच एक भेद केला आहे. एकाच्या मनांत वाईट वासना उठते, पण तो तिला आवरतो; दुसऱ्याच्या मनांत ती उठतच नाहीं; पहिला संयमी आणि दुसरा खरा सुशील. निओपुढें बसलेला मनुष्य या दोहोंपैकीं कोणींच नव्हे. त्याच्या मनांत वासना उठते, व तो तिला आवरीतही नाहीं. तिला जावयास वाट नसते म्हणून ती परत येते, एवढेंच. आमचीच साक्ष काढावयाची तर, पहिले चार-पांच दिवस दर दहा मिनिटांनीं आमचा डावा हात मेजाच्या ज्या कोपऱ्यावर मोबाइल ठेवण्याची संवय होती तो कोपरा चांचपून येई. कोपरा रिकामा होता. गोडी शाबूत होती.

परंतु ही विचारसरणी शेवटपर्यंत ओढीत नेली तर कोणत्याच व्रतास अर्थ उरणार नाहीं. एकादशीच्या दिवशीं घरांत पुरणपोळ्या करीत नाहींत, म्हणून उपवासाचें पुण्य कमी झालें असें कोणी म्हणत नाहीं. उलट पोळ्यांचें ताट समोर मांडून उपास करणारास आपण चमत्कारिक समजूं. होमरच्या काव्यांतील यूलिसिसानें मोहिनी गाणाऱ्या सायरनांच्या बेटावरून जातांना आपल्या खलाशांच्या कानांत मेण घातलें आणि स्वतःस डोलकाठीशीं बांधून घेतलें. डिमॉस्थेनीस या ग्रीक वक्त्यानें भुयारांत बसून अभ्यास करतांना अर्धें डोकें मुंडून घेतलें, कीं लाजेनें बाहेर पडतांच येऊं नये, असें प्लुटार्क सांगतो. १८३० सालीं व्हिक्टर ह्यूगोस प्रकाशकाची मुदत गांठावयाची होती, तेव्हां त्यानें बाहेर जाण्याचे आपले कपडे कुलुपांत घातले आणि अंगांत लोंकरीचा जाडाभरडा पोषाख चढवून तो लिहावयास बसला. पुढील वर्षाच्या आरंभीं नोत्र दामच्या देवळाची ती प्रसिद्ध कादंबरी पुरी झाली, अशी हकीकत त्याच्या पत्नीच्या आठवणींत आहे. या मंडळींस कोणी मिथ्याचारी म्हटल्याचें आमच्या ऐकिवांत नाहीं. बैलास वेसण दुसरा घालतो. येथें घालणारा आणि घालून घेणारा एकच आहे. पहाटेचें शहाणें मन पुढच्या दोन तासांच्या दुबळ्या मनास ओळखतें व त्याची व्यवस्था लावून ठेवितें. स्वतःचें दुबळेपण आधीं ओळखणें ही अगदींच सामान्य गोष्ट नव्हे.

तथापि तिचें फार स्तोम माजवूं नये असेंही आम्हांस वाटतें. यूलिसिसाची गोष्ट सांगणारे बहुधा एक विसरतात: त्यास गाणें ऐकावयाचें होतें, आणि तें ऐकून तो पुढें गेला. मेण खलाशांच्या कानांत होतें. आमचा निओ म्हणजे मेण होय, डोलकाठी नव्हे. जगाचा कलकलाट कानीं पडत असतां ज्यास आपलें वाक्य पुरें करतां येतें त्याच्या पंक्तीस बसण्याचा अधिकार मेण घालून बसणारास नाहीं. मोबाइल उचलून दुसऱ्या खोलींत ठेविला त्या एका क्षणाचें श्रेय आम्ही आपल्याकडे घेऊं. पुढचे दोन तास सेलांचे.

एवढ्यावर हा वाद मिटला असता. पण पुढें जें घडलें त्यानें आमचा प्रश्नच बदलून टाकिला.

निओला देवनागरी येत नाहीं. अमेरिकेंतल्या मुलांसाठीं केलेल्या यंत्राकडून ती अपेक्षाही करतां येत नाहीं. तेव्हां गुरुजींवरचा तो राहिलेला लेख आम्ही रोमन अक्षरांत लिहूं लागलों. ल आणि ळ यांचा भेद मिटला, न आणि ण एक झाले, ऱ्हस्व-दीर्घाचें तर नांवच सोडा. 'ण'च्या जागीं 'न' म्हणणारास ज्यांनीं तासभर बांकावर उभें केलें, त्यांचें चरित्र आम्ही असल्या बोबड्या मराठींत लिहीत होतों! मागें जाऊन डागडुजी करावी तर सहा ओळींपलीकडे कांहीं दिसत नाहीं. यामुळें पुढें जाणें मात्र सोपें झालें. पांच दिवसांत पुष्कळ मजकूर झाला. गुरुजींचा खडा आवाज, खडूनें पांढरा झालेला कोटाचा खिसा, रघुवंश सांगतांना मध्येंच थांबून खिडकीबाहेर पाहण्याची त्यांची लकब, हें सर्व आलें. सर्व खरें होतें आणि सर्व गोड होतें. मग लिहिणें अडलें.

पूर्वीं लिहिणें अडलें कीं शंका येई, आणि शंका फेडावयास बाहेर पडतां येई. आतांही शंका आली. जावयास कोठें नव्हतें. तीन सकाळी आम्ही त्या अरुंद कांचेकडे आणि खिडकींतून दिसणाऱ्या शेवग्याकडे पाहत बसलों. नवव्या दिवशीं आम्हांस कळून आलें कीं, चवदा महिने आम्ही कोणतेंही साल शोधीत नव्हतों. एक साल टाळीत होतों.

त्या सालीं शाळेच्या ग्रंथालयाची मोजदाद झाली. ग्रंथालय गुरुजींच्या हातीं असे. पुस्तकें कमी भरलीं, चौकशी झाली, आणि नोंदवहींत त्या पुस्तकांपुढें कोणाचेंच नांव निघालें नाहीं. त्यांपैकीं दोन पुस्तकें आमच्या घरीं होतीं. "सुटींत वाच, नोंद मागून करूं," असें म्हणून गुरुजींनींच तीं आमच्या हातांत ठेविलीं होतीं. चौकशींत त्यांनीं आमचें नांव घेतलें नाहीं. आम्ही पंधरा वर्षांचे होतों, भ्यालों, पुस्तकें परत नेलीं नाहींत आणि तोंडही उघडलें नाहीं. ग्रंथालय त्यांच्याकडून काढून घेण्यांत आलें, आणि पुढें मुख्याध्यापकाची जागा रिकामी झाली तेव्हां ती दुसऱ्यास मिळाली. या गोष्टीचा उच्चार त्यांनीं आमच्यापाशीं उभ्या जन्मांत केला नाहीं. हें न लिहितां त्यांच्या सचोटीची स्तुति करणें म्हणजे तेंच पुन्हां एकदां करणें होतें. लिहावें तर तें त्यांच्या हातीं पडणार होतें. "झालें का रे?" या त्यांच्या प्रश्नांत या वाक्याची वाट पाहणें होतें कीं काय, हें विचारावयास आतां कोणी उरलेलें नाहीं.

तेव्हां ज्यास आम्ही विक्षेप म्हणून दोष देत होतों ती आमची लपण्याची जागा होती. धरण, पाऊस, पिकें, राजकारण हीं आमचें लक्ष खेंचून नेत नव्हतीं. आम्हीच त्यांच्या दारीं जाऊन उभे राहत होतों. यंत्रानें आम्हांस एकाग्र केलें असें म्हणवत नाहीं; त्यानें फक्त दारें लावून घेतलीं, आणि घरांत जें होतें त्याच्याशीं आमची गांठ पडली. प्रत्येक लेखकाच्या टाळाटाळीमागें असेंच कांहीं पातक असतें असा आमचा दावा नाहीं; कित्येक नुसते आळशी असतात, व आळस हा त्या मानानें सुखाचा दोष आहे. परंतु विक्षेपाचा सगळा दोष साधनांवर लादून साधनें बदलणारानें एकदां स्वतःस विचारावें कीं, आपण ज्यापासून उठून जातों तें नक्की काय आहे.

या संदर्भांत लोकमान्य टिळकांचें उदाहरण पुष्कळदां दिलें जातें. १९१०-११ च्या हिंवाळ्यांत मंडालेच्या तुरुंगांत त्यांनीं गीतारहस्य लिहिलें. त्यांस सुटे कागद मिळत नसत, शाई मिळत नसे. पानें मोजून बांधलेल्या वह्या आणि पेन्सिली मिळत. अशा स्थितींत पांचएक महिन्यांत एवढा मोठा ग्रंथ उतरला, हें पाहून एकांताचा महिमा गाण्याचा मोह होतो. पण तुरुंगाच्या भिंती इतर कैद्यांसही होत्या. गीतेच्या अर्थाचा विचार टिळकांच्या मनांत कित्येक वर्षें चाललेला होता. तुरुंगानें सवड दिली, विचार त्यांनीं बरोबर नेलेला होता. शिवाय सहा वर्षांची शिक्षा भोगणाऱ्या माणसाची कोठडी आणि चहा घेऊन दोन तास बंद केलेली आमची खोली यांची तुलना करणें हा थोडा उद्धटपणाच आहे. कोठडी त्यांनीं हौसेनें मागितली नव्हती, आणि तिची कडी आंतून नव्हती.

आणि आंतून कडी असण्यांतही एक धोका आहे, तो आमच्या पूर्वीं ध्यानांत आला नव्हता. यंत्रानें बातम्या घालविल्या, चित्रें घालविलीं, पत्रें घालविलीं. मग घरांत विक्षेप म्हणून उरलीं तीं माणसें. सकाळीं सहा ते आठ कोणीं आंत येऊं नये असें आम्हीं फर्मान काढिलें. नातवानें एकदां डोकावून "आजोबा, यांत गेम आहे का?" म्हणून विचारलें, तर त्यास आम्हीं हातानेंच परतविलें. सौभाग्यवती चहा ठेवून जात, आणि आम्ही मान वर करीत नसूं. इंटरनेटवर ज्या सकाळी उधळल्या त्या वेळीं आम्हीं कोणास इतकें तुसडेपणानें वागविलें नव्हतें. कारण तेव्हां मनाला चोरटेपणाची जाणीव असे, आणि आतां आम्ही व्रतस्थ झालों होतों. व्रतस्थाचा ताठा घरांतल्या माणसांनाच प्रथम जाचतो, हें ज्यांच्या घरीं कडक सोंवळें पाळणारें कोणी होतें त्यांस सांगावयास नको.

बहिणाबाई चौधरींचें नांव येथें सहज आठवतें. त्यांस लिहितां-वाचतां येत नव्हतें. शेतांत राबतांना, घरांत जात्यावर दळतांना त्या ओव्या रचीत, आणि त्यांचे चिरंजीव सोपानदेव यांनीं व एका आप्तानें त्या ऐकून उतरून ठेविल्या. बाईंच्या मृत्यूनंतर, १९५२ सालीं, त्यांचें पुस्तक निघालें. दळतांना त्यांस कोणी हांक मारलीच नसेल काय? मूल रडलें नसेल, दारांत कोणी आलें नसेल, सूप घ्यावयास शेजारीण आली नसेल? त्या हांकांसाठीं जातें थांबलें असेल आणि पुन्हां फिरूं लागलें असेल. त्यांच्या लेखीं विक्षेप असा कांहीं निराळा पदार्थ होता असें दिसत नाहीं. ज्या संसारानें हांक मारली तोच संसार ओवींत आला. आम्हांस तशी शक्ति नाहीं, म्हणून आम्ही यंत्र वापरतों, व तें पुढेंही वापरूं. परंतु ज्याच्या दाराला कडी आहे त्याचेंच लिहिणें एकाग्र असतें, असें आतां आम्ही म्हणणार नाहीं.

लेख पुरा झाला त्या दिवशीं निओ संगणकास जोडून आम्हीं कळ दाबली. अक्षरें एकामागून एक उमटूं लागलीं. तें सर्व पुन्हां देवनागरींत उतरावयाचें होतें, आणि आमचे डोळे थकलेले. म्हणून सौभाग्यवती शेजारीं बसून वाचून दाखवूं लागल्या व आम्ही लिहूं लागलों. त्या वाक्याशीं त्या थांबल्या. "हें तुम्हीं मला कधीं सांगितलें नाहीं," त्या म्हणाल्या. विषय निघाला नाहीं, असें आम्हीं कांहींसें म्हटलें. लग्नास एकेचाळीस वर्षें झालीं होतीं. त्यांनीं थोडा वेळ पडद्याकडे पाहिलें, आणि मग विचारलें, "तीं पुस्तकें अजून आहेत?"

होतीं. माळ्यावरच्या लोखंडी ट्रंकेंत होतीं. ती ट्रंक एकट्यास खालीं काढवत नाहीं. त्या दिवशीं संध्याकाळीं आम्हीं दोघांनीं मिळून ती काढली.